आवक-जावक

मामांचा फोन आला तेव्हा अमरावतीत दुपारचे अडीच वाजले होते आणि वैशाख होता. या वेळेला आमच्या वऱ्हाडात माणूस फोन करत नाही. कूलरपुढे उताणा पडून तो मृगाची वाट पाहतो. म्हणून रिंग वाजताच मी ओळखले, एकतर कोणीतरी गेले, नाहीतर मामांना काहीतरी सुचले.

“भाचेबुवा, तुमच्या अमरावतीले म्हाताऱ्यायचा आश्रम हाये म्हणते एक. तठीचे नियम आणून ठेवा बरं.”

“फॉर्म आणू का सोबत?”

“फॉर्म कोणीबी आणते. नियम वाचल्याबिगर म्या उभ्या जन्मात फॉर्मले हात नाही लावला.”

हे खरे आहे. मामा अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत ३६ वर्षे आवक-जावकच्या टेबलावर होते. त्यांच्या लेखी जगात घडते ते सगळे या दोन रजिस्टरांत बसते. नातू झाला, आवक. पोरगा पुण्याला गेला, जावक. सासरे वारल्याची तार आली तेव्हा मामांनी आधी तिच्यावर तारखेचा शिक्का मारला आणि मग ते रडले, असे मामी सांगते. मामा म्हणतात, रडून झाल्यावर मारला; नाहीतर शाई पसरली असती.

आश्रमाचे डोक्यात येण्याचे कारण पुण्यात घडले होते. गेल्या दिवाळीत दोघे मुलाकडे गेले. मुलाची सोसायटी चौदा मजल्यांची. फाटकावरच्या रखवालदाराच्या हातात मोबाइल, आणि आत सोडण्याआधी नोंद करायला त्यात तीन पर्याय: कॅब, गेस्ट, डिलिव्हरी. रखवालदाराने मामांच्या दोन्ही हातांतल्या पिशव्या पाहिल्या, त्यातून डोकावणाऱ्या कुरड्या आणि तुरीची डाळ पाहिली आणि डिलिव्हरीवर बोट ठेवले. वर मुलगा मीटिंगमध्ये होता. त्याने न बघता उत्तर दिले, ‘गेटवरच ठेवून जा.’

मामा-मामी वीस मिनिटे गेटवर ठेवलेले होते.

मुलगा चांगला आहे, सून त्याहून चांगली आहे. दोघांनी शंभरदा माफी मागितली. पण मामा चौथ्या दिवशी जावक झाले. “छत्तीस वर्षं लोकायची आवक केली,” ते मला म्हणाले, “आन् माह्याच पोराच्या दारात माही नोंद सामान म्हणून!”

मी आश्रमात गेलो. नाव सांगत नाही. माणसे भली आहेत आणि मला तिथे पुन्हा जायचे आहे. कोणत्या नात्याने, ते पुढे कळेल. कार्यालयात एक टेबल, एक पंखा, भिंतीवर गाडगेबाबांची तसबीर आणि तिच्याखाली फळ्यावर नियम. मी मोबाइलने फोटो काढायला गेलो तर व्यवस्थापक म्हणाले, “छापील आहे, घेऊन जा. लोक आधी नियम मागत नाहीत हो. आधी जेवणात काय असतं ते विचारतात.”

नियम साधारण सगळीकडे असतात तसेच. वयाचा पुरावा. आधार कार्ड. म्हणजे निराधार असल्याचे सिद्ध करायलाही आधी आधार लागतो. पण हा विनोद त्या कार्यालयात रोज तीनदा होत असावा, कारण मी तोंड उघडताच व्यवस्थापकांनी हात वर केला. संसर्गजन्य रोग नसल्याचा डॉक्टरचा दाखला. मानसिक संतुलन बरे असल्याचा दाखला. दोन हमीदार. अनामत रक्कम. दागिने आणू नयेत. विडी, तंबाखू, खर्रा बंद. बाहेर जाताना रजिस्टरमध्ये सही. बरेवाईट झाल्यास कोणाला कळवावे आणि पुढचे कोण करील, त्याचे नाव-पत्ता. आणि मधोमध, जाड अक्षरांत: ‘प्रवेशार्थी स्वतःची कामे स्वतः करू शकणारा असावा.’

हा नियम मी मामांना फोनवर वाचून दाखवला. स्पीकर चालू असणार, कारण उत्तर मामीचे आले.

“म्हंजे ह्यायले प्रवेश नाही भेटत,” ती म्हणाली. “ह्या अटीत हे लग्नापासूनच बसत नाहीत.”

पन्नास वर्षांच्या संसारात मामांनी एकदाही स्वतःचा चहा स्वतः केला नव्हता, हे मीही छातीवर हात ठेवून सांगू शकतो. आणि नीट विचार केला तर या एका ओळीने वऱ्हाडातले साठीच्या पुढचे जवळजवळ सगळे पुरुष बाद होतात. त्यांना टॉवेल कुठे असतो हे माहीत नसते. ‘अवं, टॉवेल कोठी हाये?’ असे मोठ्याने विचारले की टॉवेल येतो, एवढेच त्यांना ठाऊक. बायका तेवढ्या पात्र ठरतात. फक्त स्वतःची कामे स्वतः करायला मिळाली की त्या आश्रमात येतीलच कशाला, हा प्रश्न उरतो.

बायकांसाठी वयाची अटही हलकी आहे. सरकारी अनुदानाच्या वृद्धाश्रमांत पुरुषाला ६० वर्षे पुरी लागतात, बाईला ५५ पुरतात. सरकारच्या मते बाई पाच वर्षे आधी म्हातारी होते. मामीच्या मते हा आकडाही उशिराचा आहे.

मग आठवडाभर रोज अडीच वाजता फोन. मामांनी ‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याणासाठी अधिनियम, २००७’ कुठूनतरी छापून आणला होता आणि रोज एक कलम ते माझ्यावर तामील करत होते.

पहिल्या दिवशी कलम १९. “हर जिल्ह्यात कमीत कमी एक वृद्धाश्रम, कमीत कमी १५० निराधार म्हाताऱ्यायले पुरंल असा. आयकलं?”

“वा, चांगलं आहे की.”

“चांगलं काय? ‘स्थापन करू शकेल’ असं लिवलं हाये. ‘करील’ नाही. आन् वरतून ‘टप्प्याटप्प्यानं’. भाचेबुवा, हे ज्यानं लिवलं तो माह्याच टेबलावरचा माणूस हाये!” आवाजात तक्रार नव्हती, आपला माणूस दिल्लीपर्यंत पोचल्याचा अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी कलम २४. ज्याच्यावर सांभाळायची जबाबदारी आहे त्याने म्हाताऱ्याला कुठेतरी नेऊन टाकून दिले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मागून मामीचा आवाज: “आन् म्हाताराच घर टाकून चालला तं कोणाले आत टाकते, ते पाय म्हणा त्यायले.” मामांनी कागद चाळल्याचा आवाज आला. तशी तरतूद नव्हती.

तिसऱ्या दिवशी मात्र त्यांच्या हाती घबाड लागले. या कायद्याखाली केंद्राने राज्यांसाठी आदर्श नियमांचा एक नमुना तयार करून दिला आहे, त्यात निराधारांच्या आश्रमात जागा कमी आणि अर्ज जास्त झाले तर काय करायचे ते दिले आहे. जास्त गरीब तो आधी. गरिबी सारखी असेल तर जास्त म्हातारा आधी. तेही सारखे निघाले तर आधी येईल तो आधी, किंवा सरळ चिठ्ठ्या.

“वयात बरोबरी होईलच कशी?” मी विचारले. “एक दिवसाचा तरी फरक असतो.”

“भाचेबुवा, तुम्ही अमरावतीले राहून बिघडले. आमची जन्मतारीख काय?”

१ जून. आणि मामांच्या मित्रांची? १ जून. वऱ्हाडातल्या खेड्यात त्या पिढीने जन्म कधीही घेतलेला असो, पोळ्याला, गौरीपूजनाला, दुष्काळात किंवा रझाकाराच्या साली, कागदोपत्री सगळे १ जूनला जन्मले. थोडे आळशी असतील ते १ जुलैला. बाप पोराला शाळेत घेऊन जायचा, गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कानाला बोटे लागली की पोर सहा वर्षांचे. सहा वजा करायचे, १ जून लिहायचे. उद्या खरोखर नियमाप्रमाणे छाननी झाली, तर अकोला जिल्ह्यातली अर्ध्याहून अधिक यादी चिठ्ठ्यांवर जाईल.

वयाच्या अटी म्हटले की मला परतवाड्याजवळचे वझ्झर आठवते. बालगृहाचा नियम असा, की मूल १८ वर्षांचे झाले की बाहेर. तिथल्या शंकरबाबा पापळकरांकडची मुले टाकून दिलेली, मूकबधिर, मतिमंद, अंध. अठराव्या वाढदिवशी, तोही बहुधा कागदावरचाच, त्यांनी जायचे कुठे? शंकरबाबांनी पाठवलीच नाहीत. बाप म्हणून स्वतःचे नाव लावले आणि त्यांची लग्नेसुद्धा लावून दिली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नियम मोडल्याबद्दल मिळाली असे कुठे म्हटलेले नाही, पण आम्ही परतवाड्याकडचे लोक तसेच समजतो.

शेवटी मामा-मामी प्रत्यक्ष आले. अकोला ते अमरावती नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. याच महामार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात जून २०२२ मध्ये पंचाहत्तर किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि गिनीज बुकात नाव गेले. मामा त्यावरून आले ते हिशेब करतच. “साडेचार दिवसांत पाऊणशे किलोमीटर रस्ता होते, आन् मले एक डॉक्टरचा दाखला काढाले नऊ दिवस!”

दाखल्याची गोष्ट अशी. डॉक्टर तरुण होता. ‘स्वतःची कामे स्वतः करू शकतो’ असे लिहायचे म्हणजे तपासायला हवे, म्हणून त्याने मामांना खुर्चीवरून उठायला-बसायला लावले, चालायला लावले आणि म्हणाला, “आजोबा, हात वर करा. आता डोक्यावरून दुसऱ्या बाजूला न्या.” मामांचा उजवा खांदा दोन वर्षांपासून धरला आहे. हात डोक्यापर्यंत गेला आणि थांबला. कान चार बोटे राहिला.

मामा एकदम खूश. “लिवा!” ते म्हणाले. “कान धरता आला तं शाळेत नाव घालते. धरता नाही आला तं आश्रमात. माहा प्रवेश पक्का!”

डॉक्टर मुंबईकडचा. त्याला काही कळले नाही. त्याने मानसिक संतुलनाचा रकाना कोरा ठेवला आणि आठ दिवसांनी या म्हणाला.

आश्रमात दोघांनी सगळे फिरून पाहिले. मामांनी जेवणाच्या खोलीत ठेचा असतो का ते विचारले. (असतो, पण बिनमिरचीचा. म्हणजे काय, ते विचारायचा मला धीर झाला नाही.) रात्री अंगणात बाज टाकून झोपता येते का, ते विचारले. खोली पावलांनी मोजली. केंद्राच्या त्याच नमुना नियमांत निजायला माणशी साडेसात चौरस मीटर जागा सांगितली आहे, म्हणजे ऐंशी चौरस फूट. “साडेसात,” मामा म्हणाले, “म्हंजे साडेसातीच हाये, पण स्वच्छ हाये.”

मग नवरा-बायकोची खोली. स्त्री-पुरुषांची राहण्याची सोय वेगळी, नवरा-बायको असतील तर एकत्र. त्याला लग्नाचा पुरावा. यांचे लग्न बाभुळगावच्या मांडवात बैलगाड्यांच्या साक्षीने झालेले. नोंदणी कुठली! व्यवस्थापक म्हणाले, पत्रिका असेल, फोटो असेल. फोटोग्राफर त्या दिवशी दुसऱ्या गावी अडकला होता. मामी उठली, रिक्षाकडे गेली आणि पिशवीतून पितळेचा गुंड काढून टेबलावर ठेवला. काठावर टोचून कोरलेली दोघांची नावे, तिथी, सन आणि ‘आत्याकडून सप्रेम भेट’. पन्नास वर्षे रोज चिंचेने घासूनही अक्षरे जागच्या जागी होती.

व्यवस्थापकांनी चष्मा लावून गुंड वाचला. “झेरॉक्स?” एवढेच म्हणाले.

मामा भारावले. खरा नियमवाला माणूस त्यांना बऱ्याच वर्षांनी भेटत होता.

हमीदाराच्या रकान्यापाशी मात्र गाडी अडली. हमीदार स्थानिक असावा आणि त्याचे वय साठच्या आत असावे. मी खिशातून पेन काढून सही करायला पुढे झालो.

“आपलं वय?”

“एकसष्ट.”

“मग तुम्ही हमीदार नाही,” व्यवस्थापक सौजन्याने म्हणाले, “तुम्ही उमेदवार.” आणि ड्रॉवरमधून एक कोरा फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला.

आठ दिवस मी कॉलनीत साठच्या आतला माणूस शोधत होतो. चाळीस घरे. घरटी एक कूलर, एक तुळस आणि एक म्हातारे जोडपे. मुले पुण्याला, हिंजवडीला, बंगळूरला, एक ह्यूस्टनला. दिवाळीच्या गाडीचे रिझर्व्हेशन उघडते त्या सकाळी सगळी कॉलनी एकदम जागी होते, एरवी सामसूम. साठच्या आत मिळाले ते तिघे: दूधवाला, पेपरवाला आणि एमपीएससीचा अभ्यास करणारा एक भाडेकरू. दूधवाला तयार झाला, पण तो आधीच अकरा जणांना हमीदार होता.

फॉर्म घेऊन आम्ही पुन्हा कार्यालयात बसलो होतो. व्यवस्थापक आत गेले होते. मामा बराच वेळ भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहत होते. मग त्यांनी दुसरा कोरा फॉर्म ओढला, माझ्या नावाचा, आणि टाकाने भरावा तसा हळूहळू भरायला लागले.

नाव: डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्मगाव: शेंडगाव. कायमचा पत्ता: नाही, १९०५ साली घर सोडले. उत्पन्न: नाही. व्यवसाय: झाडणे, कीर्तन. सोबतचे सामान: गाडगे एक, खराटा एक. हमीदार: नाही. बरेवाईट झाल्यास कोणाला कळवावे: इथे मामा थांबले. गाडगेबाबा गेले ते २० डिसेंबर १९५६ ला, वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर, रस्त्यातच. पंढरपुराला, नाशिकला, मुंबईला लोकांसाठी धर्मशाळा उभ्या केलेला माणूस. त्या धर्मशाळांच्या दारांवर फळा असेल, पण त्यावर ‘हमीदार दोन’ असे नसावे.

“बसत नाहीत,” मी म्हणालो. “त्यांचा अर्ज पहिल्याच छाननीत जातो.”

मामांनी मान हलवली. तो अवघा जन्म टेबलावर घालवलेला माणूस. अर्ज फेटाळण्याआधी एकदा पोटनियम बघणार. पिशवीतून कागद काढले, बोट फिरवले. “हे पाहा. निरक्षर असंल नाहीतं लय अशक्त असंल, तं कलेक्टरची खात्री झाली की अर्जाबिगर घेता येते. बाबा शायेत गेले नव्हते.” त्यांनी फॉर्मच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत शेरा मारला, ‘अर्जाविना पात्र’, आणि खाली सही केली. “मी तं सातवी फायनल. मले अर्जच कराव लागते. शिकून नुसकान झालं पाहा.”

त्यांचा स्वतःचा अर्ज मात्र हमीदाराविना अकोल्याला परत गेला. विचाराधीन.

आणि १ जून आला. कागदावर मामा पंचाहत्तर झाले. दुसऱ्या दिवशी अडीचला फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी काळजीत, तर अकरा वाजता मामाच दारात, घामाघूम, आनंदित, हातात तिकीट.

“शून्य रुपये,” ते म्हणाले. “छापलेलं हाये. पाहा.”

पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एस.टी. फुकट हे २०२२ च्या ऑगस्टपासून आहे. मामांनी ते धरून ठेवले होते. त्या दिवसापासून ते रोज निघतात. सोमवारी अमरावती, मंगळवारी दर्यापूर, बुधवारी कारंजा, गुरुवारी पुन्हा अमरावती. मूर्तिजापूरच्या स्टँडवर चहा. परतवाड्याची गाडी धरली तर वाटेत शकुंतला आगगाडीचे सुने रूळ दिसतात तेवढा वेळ ते गप्प बसतात. शंभरी ओलांडलेल्या त्या गाडीला कोणी हमीदार मिळाला नाही, असे त्यांचे म्हणणे. गाडीत चढताना कोणीतरी हात देते, खिडकीजवळची जागा सोडते, पाण्याची बाटली पुढे करते, ‘बाबा, जेवले का’ विचारते आणि उतरायच्या ठिकाणी हलवून जागे करते. डॉक्टरचा दाखला लागत नाही. कान धरावा लागत नाही.

मामी कधीमधी अर्ध्या तिकिटात सोबत जाते, पण फार नाही. “सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घर कसं शांत असते,” ती मला म्हणाली. “मलेच आश्रमात आल्यावाणी वाटते.” गुंड तिने परत पाण्याच्या जागी ठेवला आहे.

गेल्या गुरुवारी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. गाडीतला कंडक्टर चौतिशीचा, ओळखीचा झालेला; फॉर्मवरचा हमीदाराचा रकाना त्याच्याच सहीने भरला आहे, तरी अर्ज अजून मामांच्या कपाटात आहे. मामा चढले, बसले. कंडक्टरने त्यांच्याकडे पाहिले, हसला, मशीनवर बटण दाबले आणि तिकीट पुढे केले.

मामांनी ते घेतले नाही. आधी वरच्या खिशातून आधार कार्ड काढले, त्याच्या डोळ्यांसमोर धरले.

“वय पाहून घे, बा,” ते म्हणाले. “उद्या ऑडिट लागलं तं तूच अडकशील.”